सोपानकाका गाडीचं माप घेतात

सोपानकाका रस्त्यात उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीच्या चाकावर दोन बोटं घालून बघतात. टायरच्या वर आणि मडगार्डच्या खाली जी फट असते, तिच्यात. लग्नाच्या कार्यालयाबाहेर पाहुण्यांच्या गाड्या उभ्या असोत, डॉक्टरची गाडी असो, देवळापुढं आजच पूजेला आणलेली हार घातलेली नवी गाडी असो. काका वाकणार, बोटं घालणार, डोळे मिटून दोन क्षण थांबणार आणि "हं" म्हणून पुढं जाणार.

एकदा त्यांनी पोलिसांच्या जीपमध्ये बोटं घातली. मी शेजारी होतो आणि मी त्या क्षणी त्यांना ओळखत नव्हतो. इन्स्पेक्टर उतरला. आडवा, उंच, सदऱ्याची बटणं नोकरी सोडायच्या बेतात.

"काय करता यजमान्रे?" त्यानं विचारलं.

"मागं डावीकडं अडीच बोटं, उजवीकडं तीन," काका शांतपणे म्हणाले. "सार, तुम्ही कायम मागं डावीकडं बसता. आणि पँट कमरेला सव्वा इंच कमी आहे."

मला वाटलं आता दोघं आत जाणार. आत काका गेले नाहीत; चार दिवसांनी इन्स्पेक्टर काकांच्या दुकानात आला, तीन पँटींचं कापड घेऊन.

काका शिंपी आहेत हे तुमच्या लक्षात आलंच असेल. सरस्वतीपुरमला आमच्याच रस्त्यावर त्यांचं घर, आणि घराची पुढची खोली म्हणजे दुकान. त्यांचे पूर्वज कधी मैसूरला आले हे त्यांनाही माहीत नाही, माझे कधी आले ते मलाही नाही. आमच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलंय, की पुण्याचे पाहुणे ऐकून आधी हसतात आणि मग पाणी मागतात. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून काका मला 'मास्तर' म्हणतात. मान म्हणून नव्हे. मास्तरला रिकामा वेळ असतो असं त्यांचं मत आहे, आणि ते खरंही आहे.

माप हा काकांचा धर्म. गिऱ्हाईक म्हणालं, "माझी कंबर चौतीस," तर काका त्याला हात वर करायला लावून म्हणतात, "तुला कोण विचारतंय? अंगाला विचारू." एका नवऱ्या मुलाचा सूट शिवताना त्यांनी कमरेत दीड इंच जास्तीचं कापड दुमडून ठेवलं आणि सांगितलं, संक्रांतीला ये. तो संक्रांतीला आला. दीड इंच. दोरा इकडं नाही, दोरा तिकडं नाही. दसऱ्याच्या मिरवणुकीत लाख माणूस सोन्याच्या अंबारीकडं बघून हात जोडतं, काका माझ्या कानात सांगतात, "हत्तीची झूल उजवीकडं चार बोटं खाली आलीय." पुढच्या वर्षीही मी बघितलं. खाली होती.

पण ही गाड्यांची बोटं नवी. ती कशी सुरू झाली तेच सांगायचं आहे.

काकांचा एकुलता मुलगा गिरीश बंगळूरला इंजिनियर. काकी होत्या तोवर बापलेकांचं सगळं बोलणं काकींमार्फत व्हायचं. अप्पांना विचार, गिरीशला सांग. चार वर्षांपूर्वी काकी गेल्या आणि मधलं एक्स्चेंजच बंद पडलं. आता दर रविवारी सकाळी दहाला फोन यायचा. मी पेपर वाचायला दुकानात बसलेलो असायचो, म्हणून मला तो पाठ आहे.

"जेवलास का?"

समोरून काहीतरी.

"मी पण. ऊन आहे? इथंही आहे. आयतु, झालं तर, ठेवतो."

चाळीस सेकंद. एकदा बेचाळीस झाली, तेव्हा काकांना शिंक आली होती.

तर एका रविवारी हा फोन चक्क सहा मिनिटं चालला. मी पेपर खाली ठेवला. काका नुसतं "हं, हं" करत होते आणि खडूनं टेबलावर काहीतरी लिहीत होते. फोन ठेवला आणि माझ्याकडं वळले. चेहरा असा, की गिरीशनं लग्न ठरवलं असणार किंवा मोडलं असणार.

"मास्तर, ऑफसेट म्हणजे काय?"

मी मास्तर असल्यामुळं 'माहीत नाही' म्हणायची सोय नव्हती. छापखान्यातल्या ऑफसेटवर मी त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं. काकांनी ते पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "छान. पण हा चाकाचा आहे."

प्रकार असा होता. गिरीशनं एक जुनी जपानी स्पोर्ट्‌स कार घेतली होती. दोन दारांची, जमिनीला पोट लावून चालणारी. तिला त्यानं वाइडबॉडी करून घेतली, म्हणजे चारही चाकांवरची मडगार्डं बाहेर फुगवून घेतली. पैलवानानं दंड फुगवावेत तशी. आता आतली मूळ चाकं त्यात अशी दिसत होती, की मोठ्या भावाचा सदरा धाकट्यानं घालावा. रुंद चाकं हवी होती. ती कोइमतूरला एकजण मापाप्रमाणे बनवून देणार होता. एकदा धातू कापायला घेतला की फेरफार नाही, परत घेणं नाही. आणि माप कुणी ठाम सांगेना. बंगळूरच्या चार दुकानांनी ऑफसेटचे चार आकडे सांगितले, इंटरनेटवर पाचवा निघाला. वैतागून पोरगा रविवारच्या फोनवर बोलून गेला, "माप कळणारा एक माणूस नाही या गावात अप्पा!"

तो आपला सहज बोलला असणार. काकांनी ते मागणी म्हणून ऐकलं.

पुढचे तीन आठवडे सरस्वतीपुरममधली एक गाडी सुटली नाही. काका शर्टांच्या कॉलरी उलट्या लावू लागले. एका आजोबांच्या पायजम्याला त्यांनी बेल्टच्या पट्ट्या शिवल्या. आणि तीन आठवड्यांनी, जी गोष्ट मला पुस्तकातल्या आकृतीवरून धड कळली नव्हती, ती त्यांनी मला कोटाची बाही हातात धरून शिकवली.

"हे बघा मास्तर. बाही म्हणजे चाक. खांद्याला जिथं जोडतो तो सांधा. सांधा बाहीच्या मध्यापासून किती सरकवायचा, तो ऑफसेट. आकडा मोठा केला की चाक आत लपतं, लहान केला की बाहेर येतं. आणि सांध्यापासून आत किती भाग जातो, ते बॅकस्पेसिंग. जास्त गेला तर काखेत घासतो. तिकडं स्प्रिंग असते, तिची काख. कमी गेला तर बाहेर मडगार्डला घासतो. दोन्हीकडं अंग हलायला जागा पाहिजे. एवढंच. सुम्ने, उगीचच लोक घाबरवतात."

मी वर्गात हे असंच शिकवायला लागलो. पोरांना कळतं.

मग रविवारच्या फोनवर काका म्हणाले, "गाडी आण, मी मोजतो," आणि शनिवारी गिरीश गाडी घेऊन आला. आमच्या रस्त्याच्या गतिरोधकावरून ती गाडी तिरकी तिरकी होत सात मिनिटांत पार झाली, आणि तेवढ्यात रस्त्यातली सगळी पेन्शनर मंडळी गेटवर जमली. गिरीश उंच, अबोल, बापासारखाच. दोघं समोरासमोर उभे राहिले.

"आलास."

"हं."

झालं. चार महिन्यांनंतरची भेट आटोपली.

मग काकांनी चाकं उतरवून माप सुरू केलं, आणि इथून तुम्ही श्वास रोखा, कारण आम्ही सगळ्यांनी रोखला होता. जॅकवर गाडी लटकत होती. काका म्हणाले, "लटकत्या माणसाचं माप घेतात का? तिला तिच्या पायावर आण." गिरीशनं सांध्याखाली दुसरा जॅक लावून वजन घेतलं. मग काका म्हणाले, "रिकामी गाडी म्हणजे उपाशी माणूस. मास्तर, आत बसा." मी वजन म्हणून आत. मग, "स्टिअरिंग पूर्ण वळवा. श्वास सोडा." माझ्या श्वासानं गाडी किती मिलिमीटर खाली जाते हे विज्ञानाला माहीत नाही, पण मी सोडला. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला, पोलादी पट्टी आडवी धरली, आत स्प्रिंगपर्यंतचं माप घेतलं, बाहेरच्या कडेपर्यंतचं घेतलं, तीनदा घेतलं.

"ऑफसेट बावीस मिलिमीटर," काका म्हणाले.

"पहिलं दुकान पस्तीस म्हणालं होतं," गिरीश म्हणाला.

"दुकान म्हणालं. मी गाडीला विचारलं."

गिरीशनं मोबाइलवर लिहिलं. सोमवारी सकाळी अकराला कोइमतूरला धातू कापायला घेणार होते. चहा उभ्यानं पिऊन तो निघाला. काका गेटवर बराच वेळ उभे होते. त्या संध्याकाळी त्यांनी मला दोनदा सांगितलं, "मला विचारून गेला, मास्तर." जणू मी तिथं नव्हतोच.

सोमवारी दहा वाजता मी दुकानात होतो. एक निवृत्त फॉरेस्ट रेंजर कोटाच्या ट्रायलला आले होते. काका तोंडात टाचण्या धरून त्यांच्या पाठीमागं उभे.

"उजवीकडं घडी पडतेय सोपानराव," रेंजर आरशात बघत म्हणाले.

"तुमचा उजवा खांदा उतरलाय. बंदूक टांगून टांगून. थांबा, तिकडं गादी घालतो, म्हणजे..."

आणि काका थांबले. खडू हवेत. चेहरा कापडासारखा पांढरा पडला. मला वाटलं टाचणी गिळली.

"काका! टाचणी?"

काकांनी तोंडातून एकेक टाचणी काढून उशीला टोचली. सात. मग म्हणाले, "उजवी बाजू."

"ती पडतेच आहे ना घडी," रेंजर म्हणाले.

"गाडीची उजवी बाजू. मी मोजलीच नाही."

हे तुम्हाला नीट समजावं म्हणून सांगतो. शिंपी सदऱ्याचं कापड दुमडतो, अर्ध्या अंगाचं माप टाकतो, कात्री एकदा चालवतो. उलगडलं की दोन्ही बाजू तयार. चाळीस वर्षं हात असाच चाललेला. शनिवारी गाडी उभी होती ती डावी बाजू घराकडं करून. काकांनी डावी मोजली आणि मनात कापड दुमडलं. आम्ही दहा-बारा शहाणे सभोवती उभे होतो, त्यात एक भौतिकशास्त्राचा. एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"अहो, दोन्ही बाजू सारख्याच असणार," मी म्हणालो.

"मडगार्डं हातानं बसवलीत मास्तर. हातानं बसवलेलं कधी सारखं असतं?" काका खुर्चीवर बसले. "उजवीकडं पाव इंच जरी कमी भरलं, तर चाक बाहेर राहणार. खड्ड्यात गाडी दबली की मडगार्डची कड टायर कापणार. हायवेवर."

'हायवेवर' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की रेंजरसाहेबही अर्धवट कोटात स्टुलावर बसले.

घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं. कोइमतूरवाल्याचा नंबर गिरीशकडं. काकांनी गिरीशला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मी मास्तरकी केली: "काका, असं सांगा की तुम्हाला दुसऱ्यांदा खात्री करायचीय. चूक म्हणायची गरज काय?" हे मी चांगल्या हेतूनं बोललो होतो. काकांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पेपर उचलून तोंडापुढं धरला. उलटा.

तिसऱ्यांदा. पाचव्यांदा. दहा एकतीस. रेंजर आता काकांपेक्षा जास्त घामाघूम. "मेसेज करा की!" काकांना मेसेज करता येत नाही. मी त्यांच्या फोनवरून टाइप केलं, 'अप्पांना ताबडतोब फोन कर'. पाठवल्यावर लक्षात आलं की हा मेसेज वाचून कुठल्याही मुलाच्या छातीत काय होईल.

दहा बेचाळीसला फोन वाजला. काकांनी स्पीकरवर टाकला, म्हणजे घाईत जे बटण लागलं ते लागलं.

"अप्पा! काय झालं? कुठं आहात? दवाखान्यात?" गिरीश धावत होता, धापा ऐकू येत होत्या. "मीटिंगमध्ये होतो. नऊ मिस्ड कॉल! मी निघतो, दोन-अडीच तासांत येतो, शेजारी कोण आहे?"

चाळीस सेकंदांच्या फोनवर चार वर्षांत हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

"मी ठीक आहे," ते म्हणाले. "मी चुकलो रे."

"काय?"

"एकच बाजू मोजली. उजवी मोजली नाही. कापायला देऊ नको."

मी घड्याळ बघत होतो, रेंजर छताकडं, काका फोनकडं.

"अप्पा," गिरीश शेवटी म्हणाला, "अकरा वाजत आलेत!" आणि फोन बंद.

पुढची चौदा मिनिटं मी माझ्या परीक्षेच्या निकालालाही कधी बसलो नव्हतो असा बसलो. काका शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवून नुसते बसले. फिरवलं नाही. "पहिल्यांदा काहीतरी विचारलं त्यानं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले माहीत नाही. दहा सत्तावन्नला फोन टुणकन वाजला. मी वाचून दाखवलं: 'थांबवलं. शनिवारी येतो. उजवी मोजा.'

रेंजरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि कोटाची टाचलेली बाही खांद्यातून निखळून खाली आली.

शनिवारी उजवी बाजू मोजली. आठ मिलिमीटर कमी भरली. काकांच्या भाषेत अडीच सूत. बावीसची चाकं आली असती तर उजवीकडं तेवढीच बाहेर राहिली असती. काकांनी चारही चाकांना तीस लिहायला सांगितलं आणि डावीकडं चाकामागं आठ मिलिमीटरची चकती. उतरलेल्या खांद्याला गादी घालतात तशी. ह्या वेळी मोजायला चार तास लागले. त्या चार तासांतही जे उरलं होतं ते जेवताना मोजलं. गिरीश जेवायला थांबला होता.

चाकं दीड महिन्यानं आली. बंगळूरला का बसवली नाहीत, मैसूरला का मागवली, हे मी विचारलं नाही. बोगादीला मंजण्णाचं टायरचं दुकान आहे, तिथं सकाळीच बसवायला घेतली. मंजण्णानं नट आवळले, जॅक हळूहळू खाली आला. चाक मडगार्डखाली सरकत सरकत शिरलं आणि कडेशी येऊन थांबलं. गिरीशनं स्टिअरिंग पूर्ण डावीकडं वळवलं. पूर्ण उजवीकडं. मग मला वजन म्हणून आत घेऊन समोरच्या गतिरोधकावरून गाडी नेली. काका रस्त्यावर चक्क पालथे पडले, कान चाकाकडं करून. मागं एक सिटी बस थांबली. बसवाल्यानं भोंगा वाजवला. काकांनी पडल्यापडल्या हात वर करून त्याला गप्प केलं. बस गप्प झाली. देवाशपथ सांगतो, प्रवासीसुद्धा गप्प झाले.

गाडी दबली, वर आली. कुठंही घासलं नाही.

मंजण्णा हसला. "सूपर सार. आता शंभर किलोमीटर चालवा आणि परत आणा. नवीन चाकं बसताना नट स्वल्प सैल होतात, एकदा आवळून देतो."

"बंगळूरला पोचेपर्यंत दीडशे होतील," गिरीश म्हणाला. "तिथंच आवळून घेईन."

"हो, तिथंच बरं पडेल," काका पटकन म्हणाले. "उगीच परत कशाला यायचं." आणि ते मडगार्ड पुसू लागले. पुसण्यासारखं तिथं काही नव्हतं. त्यांनी पुढचं पुसलं, मागचं पुसलं, पुन्हा पुढचं पुसायला घेतलं.

गिरीश किल्ली बोटावर फिरवत त्यांच्याकडं बघत होता.

"मंजण्णा, सरगूर किती लांब?"

"पन्नास-पंचावन्न असेल सार."

"म्हणजे जाऊन येऊन शंभर." त्यानं डावीकडचं दार उघडलं. "अप्पा, चला."

काका हातातलं फडकं धरून उभे. "सरगूरला आपलं कोण आहे?"

"कुणी नाही."

त्या गाडीत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. काका आधी टेकले, मग एक पाय आत घेतला, मग दुसरा हातानं उचलून घेतला. गिरीश दार धरून उभा होता. अकराला ते गेले. मंजण्णा म्हणाला, दोन तासांत येतील. साडेचारला आले. मंजण्णानं पाना लावून वीसही नट तपासले. एकही तसूभर हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन दुकानात गेलो. काका सुईत दोरा ओवत होते.

"काय बघितलंत सरगूरला?" मी विचारलं.

"काय बघणार? चहा प्यालो."

"चहाला साडेपाच तास?"

काकांनी दोरा ओवला, टोकाला गाठ मारली आणि रेंजरसाहेबांचा अजून राहिलेला कोट पुढं ओढला.

"दोनदा प्यालो," ते म्हणाले.